मायेची वजाबाकी

हर्षदा चौगुले वर्गात चिडायची ती एकाच गोष्टीवर. मुलं उशिरा आली, जांभया दिल्या, मागच्या बाकावर डबा उघडला, तरी तिला फारसं काही वाटत नसे. पण उत्तरपत्रिकेत कुणी ‘मेंदूचा अमुक भाग उजळला, म्हणून त्या माणसाला अमुकच वाटत होतं’ असं लिहिलं, की बाईंचा पारा चढायचा. त्या ओळीखाली लाल पेनाची अशी रेघ पडायची की ती मागच्या पानावर उमटायची. मिरजेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवताना हे एक वाक्य ती घसा कोरडा होईपर्यंत सांगत आली होती. भीती वाटली की मेंदूतला एक भाग उजळतो, हे खरं. पण तोच भाग आनंदानं उजळतो, आश्चर्यानं उजळतो, नुसत्या नवलाईनंही उजळतो. घरात दिवा लागलाय म्हणजे आत कुणीतरी आहे एवढंच कळतं. ते भांडतायत की जेवतायत, हे रस्त्यावरून कळत नाही.

त्या दिवशी ती प्रयोगातला नियंत्रित गट शिकवत होती आणि टेबलावरचा फोन थरथरला. धाकट्या बहिणीचं नाव दिसलं. अंगणवाडी सेविका असलेली सानिका कामाच्या वेळात कधी फोन करत नसे, म्हणून हर्षदा बाहेर व्हरांड्यात आली.

“ताई, रिपोर्ट आला.” सानिकाचा आवाज बसला होता. “मी नापास झाले.”

“कशात?”

“रेवाच्या मायेत.”

हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात परत जाऊन तिनं फळा पुसला आणि मुलांना घरी जायला सांगितलं. आज नियंत्रणाविषयी बोलण्याची तिची लायकी उरली नव्हती.

सानिका आणि तिचा नवरा निखिल खराडे वेगळे झाले होते. भांडण उरलं होतं ते पाच वर्षांच्या रेवाचं. मुलगी कुणाकडे राहणार हे ठरवायच्या आधी कौटुंबिक न्यायालय हल्ली आईबाप दोघांना एका चाचणीला पाठवायचं. वात्सल्य चाचणी. पास व्हायला शून्य पूर्णांक तीन लागायचे. निखिलला शून्य पूर्णांक बावन्न मिळाले होते. सानिकाला शून्य पूर्णांक चार शतांश. ज्या माणसाला पोरीच्या चपलेचा नंबर सांगता येत नव्हता, तो मायेत पहिला आला होता. नोकरीसाठी तो बंगळूरला निघाला होता आणि निकाल लागला की रेवाला घेऊन जाणार होता.

यंत्र दिसायला साधं होतं. पोहायला जाताना घालतात तशी एक टोपी आणि तिच्या आत बारीक दिव्यांच्या रांगा. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश ते दिवे कवटीतून आत सोडतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं. ताजं रक्त प्रकाश एका तऱ्हेनं शोषतं, शिळं दुसऱ्या तऱ्हेनं. परत आलेला प्रकाश मोजला की कुठला भाग जागा झाला ते समजतं. इथपर्यंत सगळं पक्कं विज्ञान होतं, हर्षदाच ते दरवर्षी शिकवायची.

पण नुसत्या त्या आकड्याला अर्थ नसतो. कुणाची कवटी जाड, कुणाचे केस दाट, तसा आकडा वरखाली होतो. म्हणून एकाच माणसाला दोन गोष्टी दाखवायच्या आणि एकातून दुसरं वजा करायचं. अंगणवाडीत वळवळणारं पोर वजनकाट्यावर थांबत नाही, तेव्हा सानिका त्याला कडेवर घेऊन उभी राहते, मग एकटी उभी राहते आणि वजाबाकी करते. तसंच हे. आधी स्वतःच्या मुलाचा फोटो, मग परक्या मुलाचा. पहिल्यातून दुसरं गेलं की जी उरते ती माया, असं चाचणी काढणाऱ्यांचं म्हणणं होतं.

आणि चाचणी काढणारे होते डॉक्टर मोरेश्वर उपळेकर. हर्षदाला संशोधनाची पद्धत ज्यांनी शिकवली ते उपळेकर सर.

दुसऱ्या दिवशी ती पुण्यात त्यांच्या ‘चेतस’ संस्थेत जाऊन उभी राहिली. सरांनी चहा मागवला. तिनं कपाला हात लावला नाही.

“सर, हे यंत्र माया मोजतं हे कुणी ठरवलं?”

“दोन हजार आयांवर चाचणी घेतलीय, हर्षदा. सगळं छापून आलंय.”

“कुठल्या आया? याच शहरातल्या, एका मुलाच्या, फ्लॅटचं दार लावून घेणाऱ्या. माझ्या बहिणीच्या ओट्यावर रोज तीस पोरं खेळतात.”

“तू अजून एफ.वाय.च्या पुस्तकात अडकली आहेस.”

“ते पुस्तक तुम्हीच लिहिलंय, सर.”

उपळेकरांनी चष्मा काढला. ते लबाड नव्हते, हाच तर त्रास होता. “आधी कोर्टात काय चालायचं ते आठव,” ते म्हणाले. “सासूची साक्ष, शेजारणीची साक्ष, ज्याचा वकील महाग त्याचं मूल. बाई रात्री कामावरून येते म्हणून तिला वाईट ठरवायचे. आकडा निदान कुणाचं चारित्र्य काढत नाही.”

“आकड्यानं माझ्या बहिणीला बिनमायेची ठरवलंय. यापेक्षा आणखी काय काढायचं राहिलं?” हर्षदाचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. “बरं, तिचं आत्मनिवेदन दाखवा.”

“काय?”

“प्रयुक्ताचं आत्मनिवेदन. प्रयोग संपल्यावर ज्याच्यावर प्रयोग केला त्याला विचारायचं, बाबा रे, तुला काय वाटलं, काय दिसलं. तुम्हीच शिकवलंत.”

सर चक्क हसले. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ते एक कलम असायचं खरं. सगळी मुलं त्याखाली एकमेकांचं बघून ‘सुरुवातीला थोडी भीती वाटली, नंतर मजा आली’ असं लिहायची आणि सगळे शिक्षक न वाचता सही करायचे.

“ते आम्ही काढून टाकलं,” उपळेकर म्हणाले. “वेळ जातो. आणि माणसं खोटं बोलतात. म्हणून तर यंत्र आणलं ना?”

हर्षदा उठली. ज्या माणसाच्या पाया पडून तिनं पदवी घेतली होती, त्याला निरोपाचा नमस्कारही तिनं केला नाही.

परतीच्या वाटेवर ती थेट सानिकाच्या गावी उतरली. सानिका स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. रेवा दारात शेजारच्या मुलांशी भांडत होती.

“सानू, मला सगळं सांग. टोपी घातल्यावर काय काय दिसलं?”

“फोटो दिसले. रेवाचा यायचा, मग दुसऱ्या पोराचा, परत रेवाचा.” सानिकानं भाकरी तव्यावर टाकली. “आमचा श्रेयश होता. अल्फिया होती. माळावरच्या जुळ्यांतली एक होती, तिचा तर स्नेहसंमेलनातलाच फोटो होता, मीच गजरा माळलेला.”

हर्षदा जागची हलली नाही. “म्हणजे परकी म्हणून दाखवलेली पोरं तुझ्या अंगणवाडीतली होती?”

“सगळी नव्हं. पण निम्मीअर्धी तरी आमचीच की.”

परकी मुलं त्याच भागातली, तशाच रंगारूपाची आणि तशाच कपड्यांतली असावीत असा चाचणीचा नियम होता. तो पाळायला संस्थेनं मिरजेच्या एका स्टुडिओकडून लहान मुलांचे फोटो गठ्ठ्यानं घेतले होते. तोच स्टुडिओवाला आसपासच्या अंगणवाड्यांच्या स्नेहसंमेलनांना जायचा. ज्यांना सानिकानं दोन वर्षं खिचडी भरवली, नाकं पुसली, त्यांच्यावरची माया तिच्या पोरीवरच्या मायेतून वजा केली होती.

“अगं मग तू त्यांना सांगितलं का नाहीस?” हर्षदा ओरडलीच.

“कसं सांगू? बोलायचं नाही, हलायचं नाही, मान हलली तर चाचणी रद्द, असा दम दिला होता. नंतर ती बाई टोपी पुसायला लागली आणि म्हणाली, पुढच्याला पाठवा.” सानिकानं भाकरी उलटली. “मला कुणी विचारलंच नाही, ताई.”

हर्षदाला राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला. चूक सापडली होती, आणि ती तिच्या विषयातली होती. तिनं वकिलांकडून अर्ज करवला, स्टुडिओवाल्याचं म्हणणं जोडलं आणि परक्या, अगदी दूरच्या मुलांचे फोटो घेऊन चाचणी पुन्हा व्हावी अशी मागणी केली. निखिलच्या वकिलानं विरोध केला. न्यायाधीश तांबोळी मॅडमनी अर्ज मंजूर केला. या वेळी फोटो दुसऱ्या राज्यातून आले. हर्षदानं स्वतः ते तपासले, दिव्यांच्या रांगा तपासल्या, पडद्याचा उजेड तपासला. कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये असा प्रयोग तिनं घडवून आणला.

आकडा आला शून्य पूर्णांक सात शतांश.

हर्षदा संस्थेच्या जिन्यात खाली बसली. वर्गात ती विश्वसनीयता शिकवायची. तीच चाचणी पुन्हा घेतली आणि तेच उत्तर आलं, की चाचणी विश्वसनीय. उत्तर बरोबर आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. बिघडलेला काटाही रोज तेच चुकीचं वजन दाखवतो. पण हे कोर्टात कोण ऐकणार होतं? बहिणीविरुद्धचा पुरावा पक्का करायचं काम तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं.

“वाईट वाटलं,” उपळेकर जाताजाता म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलं होतं.

गाडीत सानिका खिडकीकडे तोंड करून बसली होती.

“आता सगळी परकीच होती ना?” हर्षदानं विचारलं.

“परकीच. निळ्या शर्टातलं एक होतं, त्याच्या डोळ्याला चिपडं तशीच होती. फोटो काढणाऱ्यानं तरी पुसायची. एका पोरीनं नुकतंच रडू आवरलं होतं.” ती वळली. तिचे डोळे लाल झाले होते आणि आवाज चढला होता. “मला पोरांची तशी केविलवाणी तोंडं बघवत नाहीत, ताई, त्याला मी काय करू? रेवाचं जास्त दिसावं म्हणून बाकीच्यांचं कमी करू? कुणाचं करू, सांग की!”

“सानू, मी तुझ्यासाठीच—”

“तुला मी घरात सांगितलं होतं. तुला पटलंही होतं. मग पुन्हा त्या टोपीलाच कशाला विचारायला गेलीस? माझं ऐकून तुझं भागलं नाही ना?”

सानिकानं तोंड पुन्हा खिडकीकडे फिरवलं.

कोर्टाच्या हुकुमानं दोन्ही बाजूंना आता कच्चे आकडे मिळाले होते, वजाबाकीच्या आधीचे. हर्षदानं ते उघडले आणि तिचे डोळे विस्फारले. रेवाला पाहून सानिकाचा आकडा वर गेला होता तो शून्य पूर्णांक ब्याऐंशीपर्यंत. परक्या मुलांना पाहून पंचाहत्तरपर्यंत. निखिलचा रेवाला पाहून गेला होता जेमतेम एकोणीसवर, आणि परक्या मुलांना पाहून शून्याच्याही खाली घसरला होता. कुणाकुणाच्या पोरांची तोंडं बघायची त्याला कटकट झाली होती, आणि त्या कटकटीचे गुण वजाबाकीनं त्याच्या मायेत जमा केले होते.

एकोणीस आणि ब्याऐंशी. चौपटीहून जास्त.

पण हर्षदाला हेही ठाऊक होतं की दोन माणसांचे कच्चे आकडे असे शेजारी ठेवायचे नसतात. त्यासाठीच तर वजाबाकी असते. निखिलचे केस दाट आणि राठ होते, सानिकाचे बाळंतपणानंतर विरळ झाले होते. दाट केस प्रकाश खातात. नुसत्या तेवढ्यानंही चौपट फरक पडू शकला असता. तिच्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे दोन आकडे शेजारी ठेवले असते, तर तिनं त्याला नापास केलं असतं.

सुनावणीला तिला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभं केलं. रेवा बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती आणि निखिलच्या हातात तिची बंगळूरची तिकिटं होती. हर्षदानं सुरुवात खऱ्यापासूनच केली. मेंदूतलं रक्त म्हणजे माया नव्हे. एकच भाग अनेक भावनांनी जागा होतो. फरक शून्य असणं म्हणजे माया शून्य असणं नव्हे.

“मग दोनदा तेच उत्तर कसं आलं?” निखिलच्या वकिलानं विचारलं. “आणि दुसऱ्यांदा चाचणी मागितली कुणी?”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. हर्षदाचे कान तापले.

तांबोळी मॅडम थकल्या होत्या. “चौगुले मॅडम, ही मान्यताप्राप्त चाचणी आहे. यंत्र माया मोजत नाही असं मी इथं बसून म्हणू शकत नाही. यंत्राचं वाचन चुकलं असेल तर तेवढं सांगा. नाहीतर मला निकाल द्यायचाय.”

हर्षदानं सानिकाकडे पाहिलं. सानिका दाराकडे बघत होती. दाराच्या फटीतून रेवाचा हलणारा पाय दिसत होता.

“वाचनच चुकलंय,” हर्षदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “मुलीला पाहून आईच्या मेंदूत जे उमटतं ते वडिलांच्या चौपटीहून जास्त आहे. आकडे समोर आहेत. वडिलांचा फरक मोठा दिसतो तो मुलीवरच्या मायेनं नव्हे, बाकीच्या मुलांच्या तिटकाऱ्यानं. आईची माया चौपट आहे.”

कोर्टात कुजबुज झाली. तांबोळी मॅडम पुढे झुकल्या. “डॉक्टर उपळेकर, हे बरोबर आहे का?”

उपळेकर उभे राहिले आणि त्यांनी हर्षदाकडे पाहिलं. ती काय खोटं बोलली हे त्या खोलीत फक्त त्यांना कळलं होतं. पण तसं सांगायचं, तर हा आकडा नुसता मायेचा नाही, कवटीचा आणि केसांचाही आहे, हे भर कोर्टात बोलावं लागलं असतं. मग पुढचा प्रश्न त्यांच्या चाचणीवरच आला असता. हर्षदानं नजर हटवली नाही. तिला त्यांचा इतका संताप आला होता की त्यांनी खरं बोलून सगळं उधळावं असंही क्षणभर तिला वाटून गेलं.

“हो,” खरं गिळून सर म्हणाले. “असंही वाचता येतं.”

रेवा आईकडे राहिली. गावात पेढे वाटले. सानिकानं ताईला मिठी मारली आणि कानात विचारलं, “खरंच चौपट आहे काय गं?” हर्षदा म्हणाली, “नाही. त्या आकड्याला काही अर्थ नाही.” सानिका मागे सरली, तिच्याकडे बघत राहिली आणि मग रेवाला कडेवर घेऊन आत गेली.

कॉलेजात मात्र हर्षदाची लाल रेघ थांबली. ती ओळ वाचायची आणि नुसतं पान उलटायची.

परीक्षा होऊन नवं वर्ष सुरू झालं तेव्हा एक बाई तिला शोधत विभागात आली. प्रतिभा वाघमोडे, जतची, ऊसतोडीच्या मुकादमाची सून. कमरेखाली पोचणारी जाड, तेल लावून घट्ट घातलेली वेणी.

“चौपट मायेच्या मॅडम तुम्हीच ना?” तिनं विचारलं.

हर्षदानं हातातलं पेन खाली ठेवलं. “काय काम होतं?”

“आता कोर्टात नवीन आकडा लावलाय. एकूण वात्सल्य म्हणतात, वजाबाकी न करता. सासरचे वकील म्हणाले, मिरजेच्या मॅडमच्या साक्षीवरनं हे सुरू झालं.” बाईनं पदर घट्ट धरला. “माझा बारा आलाय. शून्य पूर्णांक बारा. नवऱ्याचा चाळीस. त्याचं डोकं तर तुळतुळीत आहे, मॅडम, तो पोराला कधी कडेवर घेत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. मला खरं सांगा, माझी माया कमी आहे काय हो?”

हर्षदाला राग आला. उपळेकरांचा आला, तांबोळींचा आला, निखिलच्या वकिलाचा आला, आणि त्या सगळ्यांवर ओरडून झालं तरी तो संपेना. शेवटी तो जिथं जायचा तिथं गेला, तिच्या स्वतःवर.

“नाही,” ती म्हणाली. “तुमचे केस दाट आहेत एवढंच त्यातून कळतं. दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. मी कोर्टात खोटं बोलले होते.”

बाईनं तिच्याकडे बघितलं. रडली नाही. “मग आता तसं सांगा की तिथं येऊन.”

तसं सांगायचं म्हणजे सानिकाचा लागलेला निकाल पुन्हा उघडायचा. निखिलचा वकील दुसऱ्याच दिवशी अर्ज करील, आणि पुन्हा तेच बाक, तीच तिकिटं. हर्षदा खिडकीशी गेली आणि बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

“मी बोलले तर रेवाचं प्रकरण उघडेल, सानू. तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. तू नको म्हणालीस तर—”

“ताई,” सानिकानं मधेच थांबवलं. मागे पोरांचा कालवा चालला होता. “तिचं पोर केवढं आहे?”

हर्षदानं हे विचारलंच नव्हतं. ती वळली. “तुमचं मूल केवढं आहे?”

“साडेतीन वर्षांचा आहे,” बाई म्हणाली. “अजून माझ्या हातानंच जेवतो.”

फोनमधून ते सानिकाला ऐकू गेलं असावं. मग तिनं कुठल्याशा पोराला चप्पल घाल म्हणून ओरडून सांगितलं आणि पुन्हा फोन कानाशी धरला.

“मग कधी जायचं कोर्टात?” ती म्हणाली. “मी पण येते.”